डॉक्टरीणबाईंची तोंडी परीक्षा

दवाखाना बंद केल्यावर दातांच्या डॉक्टरीणबाईंनी विद्यापीठात नाव घातलं, तेही मध्ययुगीन इटालियन कवितेसाठी. लेकीने कपाळाला हात लावला. "आई, या वयात याचा उपयोग काय?"

"उपयोगाचं आयुष्यभर केलं," बाई म्हणाल्या. "आता आवडीचं करते."

पहिल्याच तोंडी परीक्षेत त्या नापास झाल्या. अर्थ त्यांनी चोख सांगितला, पण कविता वाचताना जीभ सारखी अडखळली. प्राध्यापिका म्हणाल्या, "तोंडात कापसाचा बोळा धरल्यासारखं वाचताय हो!"

"लोकांच्या तोंडात जन्मभर बोळे कोंबले, त्यांचेच शाप लागले असतील," बाई म्हणाल्या, आणि दोघींना हसू आवरेना.

मग घरी रोज मोठ्याने वाचन सुरू झालं. नवरा समोर मटार सोलत बसायचा. त्याला इटालियनचं ओ की ठो कळत नव्हतं, पण कान तयार होता. ठेका चुकला की तो टेबलावर टिचकी मारायचा.

एकदा त्याने विचारलं, "हा कवी एवढा झुरतोय, ती बाई काही उत्तर देते का?"

"एक शब्दही नाही."

"आणि हा लिहीतच राहतो?"

"मरेपर्यंत."

"मी बरा सुटलो. तू पहिल्याच चिठ्ठीला हो म्हणालीस!"

बाईंनी हसत हसतच पुढची ओळ वाचली. टिचकी वाजली नाही.

दुसऱ्या खेपेला त्या पास झाल्या. बाहेर बाकावर नवऱ्याशेजारी लेकही बसली होती.

"मलाही वाचून दाखव ना," ती म्हणाली.

बाईंनी पर्स बाजूला ठेवली आणि तिथेच व्हरांड्यात सुरुवात केली.