मोडलेल्या कानांचं माप

माझे दोन्ही कान मोडलेले आहेत. आमच्याकडं हे ऐकून कुणी हळहळत नाही, उलट बसायला खुर्ची पुढं करतात. तालमीत डोक्याला डोकं घासून ज्याचे कान सुजतात आणि तसेच गाठाळून राहतात, तो पैलवान. आणि सातारा-सांगलीकडं पैलवानाला एस.टी.त जागा मिळते, लग्नाच्या पंगतीत वाढपी त्याच्यापुढं जरा जास्तच रेंगाळतो. मला हे सगळं चाळीस वर्षं मिळालं. साखर कारखान्याच्या गेटवर सुपरवायझरची नोकरीही मिळाली. मुलाखतीत साहेबांनी माझे कागद पाहिलेच नाहीत, कान पाहिले.

ते कसे मोडले हे आधीच सांगून टाकतो. कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात मी दोन वर्षं तालमीत जात होतो. जत्रेत नारळावरच्या, म्हणजे अगदी लिंबूटिंबू पोरांच्या कुस्त्या असतात, त्यात दोनदा उतरलो आणि दोन्ही वेळा हलगीवाल्याचा हात बसायच्या आत मी पाठीवर होतो. पण कान मोडलेल्या पोरांकडं सगळा गाव बघायचा. मग मी तालमीच्या मागं जाऊन पोत्यावर कान घासायला लागलो. सकाळी डावा, संध्याकाळी उजवा, उगाच एकावर अन्याय नको. महिन्याभरात दोन्ही कान भज्यासारखे फुगले. त्या दुखण्यात मी कुस्ती सोडली ती कायमची. कान मात्र राहिले. पुढं सांगलीला आलो, तिथं मला चीतपट होताना पाहिलेलं कुणी नव्हतं. बायकोला हे अजून माहीत नाही. वाचलं तर कळेल.

निवृत्त झाल्यावर डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं आणि रोज चार किलोमीटर चालायला लावलं, तेही हात हलवत. त्याच आठवड्यात पुण्याला नोकरी करणाऱ्या माझ्या मुलीनं कानात घालायचे इयरफोन पाठवले. मी हरवीन म्हणून मुद्दाम वायरवाले. म्हणाली, "पप्पा, सकाळी सहाला मी पण चालायला जाते. तुम्ही तिकडं चाला, मी इकडं. बोलत बोलत जाऊ."

मला काय झालं ते सांगता येत नाही. तोवर आम्ही बापलेक फोनवर बोलायचो ते असं: "जेवलीस का? बरं, आईकडं देतो." ती घरात असताना मी ओरडण्यापलीकडं फारसं बोललो नव्हतो. आता ही पोर आपणहून रोज चाळीस मिनिटं देत होती. ती चाळीस मिनिटं मला काही झालं तरी घालवायची नव्हती.

अडचण एकच होती. इयरफोन कानात बसत नव्हते.

डबीत लहान, मध्यम, मोठ्या अशा रबरी टोप्यांच्या तीन जोड्या होत्या. लहान टोपी पहिल्याच पावलाला बाहेर. मोठी आत जाईना, आणि रेटून घातली तर जबड्यापर्यंत कळ यायची. मधली घाम येईपर्यंत टिकायची, मग साबणाच्या वडीसारखी सटकायची. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं की कानाची पाळी हलकेच वर आणि मागं ओढावी, मग इयरफोन जरा फिरवत बसवावा. माझा कान ओढायला हातातच येईना. तो कान नव्हता, भिंतीतला दगड होता.

मी उपाय केले. वरून रुमाल बांधला, तर कृष्णेच्या घाटावर भेटेल तो दाढेचं औषध सांगू लागला. एप्रिलात लोकरीची कानटोपी घातली. त्या दिवशी डॉक्टरांच्या चार किलोमीटरपेक्षा जास्त घाम गेला. बायकोच्या केसांच्या पिना लावून वायर कॉलरला अडकवली. ती बघत होती, शेवटी म्हणाली, "आवं, कानात घालायचंय का कानाला टांगायचंय ते एकदा ठरवा." घाटावर रोज भेटणारा एक म्हातारा तर अभिमानानं सगळ्यांना दाखवायचा, "पैलवानाचा कान हाय त्यो! वारं शिरत न्हाई त्यात, हे यंत्र काय शिरतंय!" मी मान डोलवायचो. दुसरं काय करणार?

फोन सरळ कानाला लावता आला असता. पण वस्तू लेकीनं दिलेली. बसत नाही म्हणालो असतो तर का बसत नाही ते आलं, आणि मग तालमीचं आलं. लहानपणी शाळेत ती "माझे पप्पा पैलवान" असं सांगत फिरायची. त्यामुळं ती विचारायची, "नीट बसलेत ना?" आणि मी छातीवर लोंबणारे इयरफोन घाईघाईनं कानात कोंबत म्हणायचो, "एकदम फिट!" मधलं जे ऐकू यायचं नाही, त्याला "हां" आणि "झकास" हे दोन शब्द पुरवून वापरायचो. तीन महिने मी असा चाललो.

मग एका शनिवारी ती घरी आली आणि म्हणाली, "चला, तुमच्या कानाचं माप द्यायचंय." श्रवणयंत्रांच्या दुकानात कानाचा साचा घेतात आणि त्यावरून हुबेहूब आपल्या कानाची टोपी करून देतात, हे तिनं शोधून काढलं होतं. मी बरीच कारणं सांगितली. एकही चाललं नाही.

दुकानदार माझ्याच वयाचा. त्यानं माझे कान दिव्याखाली धरून इकडून तिकडून पाहिले आणि हसू दाबलं. मग आत दोरा बांधलेला कापूस सरकवला आणि पिचकारीनं गार लगदा भरला. आधी एका कानात, मग दुसऱ्या. "धा मिनिटं हलायचं न्हाई," असं काहीतरी त्याच्या ओठांवर दिसलं. मला आता काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

आणि तेव्हाच तो माझ्या मुलीशी बोलायला लागला. बोट माझ्या डाव्या कानाकडं, मग उजव्या कानाकडं. मग दोन्ही मुठी आपल्या कानांवर ठेवून त्यानं घासायची नक्कल केली. मुलीनं माझ्याकडं पाहिलं, पुन्हा त्याच्याकडं पाहिलं, आणि तोंडावर हात ठेवून हसायला लागली. उठून पळावं म्हटलं तर कानात लगदा. चाळीस वर्षांची इभ्रत समोर चालली होती आणि मी तिला हात देऊ शकत नव्हतो.

बाहेर आल्यावर आम्ही चहाला बसलो. मी बशीकडं बघत म्हणालो, "काय म्हणाला तो?"

"म्हणाला, कुस्तीत एक कान जास्त मोडतो. ज्या बाजूनं पैलवान डोकं घालतो तो. तुमचे दोन्ही अगदी मापात आहेत." ती पुन्हा हसली. "म्हणाला, अशी पोत्यावरची बरीच गिऱ्हाइकं येतात."

मी सगळं सांगितलं. नारळाची कुस्ती, पोतं, सगळं. आणि आता लाजच सोडली म्हटल्यावर हेही सांगितलं की इयरफोन एक दिवससुद्धा धड बसले नव्हते, तिचं अर्धंमुर्धंच ऐकू यायचं.

"ते मला माहीत होतं," ती म्हणाली. "पडले की तुमच्या शर्टावर घासल्याचा आवाज यायचा, खरखर." मग चमचा कपात उगाच फिरवत म्हणाली, "पप्पा, रागावू नका. तुम्हाला जे सांगायची भीती वाटायची ना, ते मी ती खरखर ऐकू आली की सांगून टाकायचे. सांगितल्यासारखं पण व्हायचं आणि तुमचं ओरडणं पण नाही."

मी कप बशीत ठेवला. "काय सांगितलंस?"

"सांगून झालं की आता."

एवढं बोलून तिनं विषय बदलला आणि रविवारी पुण्याला गेली. मला त्या आठवड्यात झोप लागली नाही. तीन महिन्यांत माझ्या पोरीनं मनातलं काय काय सांगितलं, आणि ते माझ्या शर्टाच्या बटनांनी ऐकलं. कान खोटे म्हणून मी लाजत होतो. खरी लाज वाटायला हवी होती ती माझ्या आवाजाची.

टोप्या तयार होऊन आल्या. कानात फिरवून घातल्या तर कुठं कळ नाही की टोचणं नाही. मान झटकली, घाटाच्या पायऱ्या उतरलो, चढलो. जागच्या हलल्या नाहीत.

सहाला फोन आला. आवाज इतका स्पष्ट की तिचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. तिनं हवा विचारली, मी सांगितली. तिनं साखर विचारली, मी सांगितली. मग ती गप्प झाली. आम्ही दोघं बराच वेळ नुसतेच चालत राहिलो. आता काहीही बोललं तरी मला ऐकू येणार, हे तिलाही कळत होतं. बायकोच्या पिना काढून पुन्हा जुन्या टोप्या लावाव्यात असं मला खरंच वाटून गेलं.

शेवटी मी छातीवर वायर धरली आणि शर्टावर चांगली खरखर घासली.

मग तिनं हळूच विचारलं, "पडला का, पप्पा?"

"व्हय," मी म्हणालो. "दोन्ही पडले."

ती हसली. नंतर हसू थांबलं, तिनं मोठा श्वास घेतला आणि म्हणाली, "मी ती नोकरी सोडून दोन महिने झाले." मी जवळच्या बाकड्यावर बसलो, आणि तिचं सगळं सांगून होईपर्यंत तोंडातून चकार शब्द काढला नाही.