चार दिवसांच्या पाहुण्यांचं घर

म्हाताऱ्या माणसांना खोल्या दिल्या की भाडं कधीमधी उशिरा येतं, किस्से मात्र रोजच्या रोज. चहाला आलेल्याला एक सांगून होईपर्यंत आत दोन नवे घडलेले असतात.

झाशीत नगऱ्याला माझ्या थोरल्या भावाचा, दादाचा, प्लॉट होता. आमचे हे फौजेतून सुभेदार होऊन रिटायर झाले. तो सगळा पैसा लावून आम्ही तिथे आठ खोल्या बांधल्या. रॅम्प, नर्स, बिनतिखटाचं जेवण, सगळं केलं. दादाला मॅरेज हॉल हवा होता.

"इथे लोक लग्नाला पैसा देतात. आई-बापाला बाहेर कोण ठेवतं?" तो म्हणाला. "दिवाळीपर्यंत थांबतो. कायमची राहणारी माणसं मिळाली नाहीत, तर मंडप."

मी म्हटलं, "बघच तू."

*

'वरिष्ठ नागरिक निवास' अशी पाटी लावली. पहिलाच फोन आला, "भाभीजी, हॉल खाली है क्या? सौ-सवा सौ बाराती होंगे."

मी म्हटलं, "भैया, यहाँ बुज़ुर्ग लोग रहेंगे."

"कोई बात नहीं," तो म्हणाला, "वो भी खाना खा लेंगे."

*

खोल्या हळूहळू भरल्या. पण इथे राहतोय असं कबूल करायला कुणी तयार नाही! मुलांनी टाकलं असं लोक म्हणतील, ही धास्ती. रेल्वेचे रिटायर गार्ड दुबेजी मोहल्ल्यात सांगत, मी बांधकामावर देखरेख करायला थांबलोय. प्रेमनगरच्या जोशी गुरुजींच्या घरी म्हणे कायमचं रंगकाम चाललेलं. बाकीच्यांनी सरळ मला भाची, पुतणी करून टाकलं.

शेवटी समोरच्या चाचीनं माझ्या माहेराची चौकशी करायला मला रस्त्यातच गाठलं. "जिज्जी, तुमाओ मायको कित्तो बड़ो है?"

*

आमच्या ह्यांनी फौजी पद्धतीचं टाइमटेबल भिंतीवर लावलं. पहाटे चहा, मग फिरणं, मग नाश्ता.

दुबेजींनी चष्मा लावून ते नीट वाचलं. म्हणाले, "सूबेदार साहब, सारी उमर टाइम से गाड़ी चलाई है. अब हम लेट चलेंगे."

टाइमटेबल उतरलं. चहा दिवसभर सुरू झाला.

*

बाथरूममध्ये धरायला स्टीलचे दांडे बसवले होते. चांगले महागाचे. कुणी हात लावेना. दांडा धरला म्हणजे म्हातारे झालो ना! गुरुजी त्यावर पंचा वाळत घालायचे, दुबेजी मोजे.

मग गुरुजी एकदा घसरले. थोडक्यात वाचले, पण मला रात्रभर झोप नाही. सकाळी मी ह्यांना म्हटलं, "आजपासून तुमचा गुडघा दुखतोय." हे सगळ्यांदेखत कण्हत, दांडा धरून आत-बाहेर करू लागले. फौजी माणूस धरतोय म्हटल्यावर बाकीच्यांनीही धरला. पंचे आणि मोजे दोरीवर गेले.

सगळ्यांना सवय लागली, तेव्हा मी ह्यांना नाटक बंद करा म्हणून सांगितलं. हे म्हणाले, "कसलं नाटक?"

*

शिंदेकाकू झाशीजवळच्या बबीन्याहून आल्या. दिवंगत हवालदार शिंद्यांच्या पत्नी. मुलगा पुण्यात, त्याचा फ्लॅट तयार व्हायचा होता. "चार दिवसांसाठी आलेय," त्यांनी दारातच सांगितलं.

बरोबर फौजेची काळी ट्रंक. झाकणावर पांढऱ्या रंगात हवालदारांचं नाव आणि पत्ता. बदली झाली की जुन्या पत्त्यावर काळ्या रंगाचा हात फिरवायचा आणि नवा लिहायचा, ही फौजी घरांची रीत. काकूंची ट्रंक पलंगाखाली भरलेलीच. वरची दोन लुगडी काढायच्या, धुऊन परत आत ठेवायच्या. कपाट रिकामं. मी रोज कपाट पुसायचे आणि मनातल्या मनात चिडायचे.

दसऱ्याला दादा आला. खोल्या फिरला, ती ट्रंक बघितली. म्हणाला, "ही माणसं इथे राहत नाहीत गं. वेटिंग रूममध्ये बसलीत."

मला रडू आलं. पण म्हटलं, "दिवाळी अजून आली नाहीये."

दिवाळीच्या तोंडावर काकूंच्या मुलाचा फोन आला. फ्लॅट तयार आहे, आईला न्यायला येतोय. त्याच दिवशी दादाही यायचा होता, मंडपवाल्याला घेऊन. आदल्या संध्याकाळी काकूंनी ह्यांच्याकडे थोडा काळा, थोडा पांढरा रंग आणि बारीक ब्रश मागितला. पुण्याचा पत्ता घालणार, दुसरं काय! हे देऊन आले.

सकाळी गाडी दारात. दादा आणि मंडपवाला व्हरांड्यात, मी काकूंच्या दाराशी. मुलानं पलंगाखालून ट्रंक ओढली आणि उचलायला झाकणावर हात टेकला. हात तसाच मागे घेतला. पंजा पांढरा झालेला.

"जपून रे," काकू म्हणाल्या, "पत्ता अजून ओला आहे."

मी वाकून वाचलं. हवालदारांचं नाव होतं तसंच होतं. खाली नवी ओळ होती: खोली नंबर तीन, नगरा, झाशी.

काकूंनी कपाट उघडून एक कापडी पिशवी काढली आणि मुलाच्या स्वच्छ हातात दिली. "ही घे. चार दिवसांसाठी एवढं पुरे."