घाईचं भरीत

आमच्या आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, लोक वर्षानुवर्षं एकच प्रश्न विचारत आले. पोरगी काय करते? रावेरच्या बाजारात विचारायचे, लग्नाच्या पंगतीत विचारायचे, केळीचा ट्रक भरताना विचारायचे. आबा म्हणायचे, "शिकते." मी पस्तिशी ओलांडली तरी शिकतच होते. गल्लीतली दुसरी मुलगी डॉक्टर झाली, तिच्या गोळ्यांनी निदान अर्ध्या गावाचा खोकला तरी थांबला. माझ्या शिकण्यानं गावात काही थांबलं नव्हतं आणि काही सुरूही झालं नव्हतं. आबा 'शिकते' म्हणून विषय बदलायचे आणि मला ते ऐकू आलं की मी तिथून उठून जायचे.

मी पुण्यात एका संस्थेत दूरच्या दीर्घिकांवर, म्हणजे गॅलेक्सींवर, संशोधन करते. लोकांना वाटतं मी गच्चीवर दुर्बीण लावून बसते. खरं तर मी भरदिवसा संगणकासमोर बसते आणि नको इतका चहा पिते. दुर्बीण वर अवकाशात आहे, तिनं काढलेले फोटो आमच्यापर्यंत येतात, आणि त्यातल्या ठिपक्यांच्या गर्दीतून मला सगळ्यांत जुना उजेड शोधायचा असतो. उजेडाला इथवर पोचायला वेळ लागतो, म्हणून जे जितकं लांब तितकं ते जुनं दिसतं. विश्व अगदी कोवळं होतं तेव्हाच्या दीर्घिका आजही दिसतात. फक्त विश्व फुगत असल्यामुळे वाटेत त्यांचा उजेड ताणला जाऊन लाल झालेला असतो. म्हणून लाल ठिपका दिसला की आमची धडधड वाढते.

पण लाल दिसणारं सगळंच लांबचं नसतं. एखादी दीर्घिका त्या मानानं जवळची असते, पण तिच्यात धूळ इतकी भरलेली असते की त्या धुळीपायी ती लाल दिसते. फोटोत दोघी सारख्याच. कोण कुठली हे ठरवायचं तर तिचा उजेड फाकवून वर्णपट घ्यावा लागतो, आणि त्यासाठी दुर्बिणीचा वेळ मागून रांगेत उभं राहावं लागतं. मला रांगेत उभं राहणं मुळीच जमत नाही. मी रेशनच्या दुकानातही भांडून येते.

असा एक ठिपका माझ्या वाट्याला आला. वर्णपटाची वाट बघत होते, राहवेना, म्हणून आबांना फोन केला. म्हटलं, "फार फार लांबची एक सापडलीय बहुतेक. आपल्याला माहीत असलेल्या सगळ्यांत जुन्यांपैकी. पण अजून नक्की नाही." नक्की नाही, हे मी पुन्हा पुन्हा म्हटलं.

इथेच चूक झाली, आणि ती केळीवाल्या माणसाकडूनच होऊ शकते. केळीचं झाड कित्येक महिने नुसती पानं दाखवतं. मग एक दिवस निसवतं, म्हणजे त्याच्या पोटातून केळफुलाचं कमळ बाहेर पडतं. निसवण झाली की शेतकऱ्याचा जीव भांड्यात पडतो. घड कापायला अजून बराच अवकाश असतो, मधे वैशाखातलं वादळ उभं असतं, तरी बोलताना पीक घरात आल्यासारखंच बोलतात. माझं 'नक्की नाही' आबांनी ऐकलं होतं. पण त्यांच्या लेखी माझी केळी निसवली होती.

त्यांनी भरीत ठरवलं. आमच्याकडे आनंदाची गोष्ट झाली की पेढ्यांवर भागत नाही. हिवाळा असला तर माणसं बागेत बोलवायची, कपाशीच्या वाळल्या काड्यांचा, म्हणजे पऱ्हाट्यांचा जाळ करायचा, त्यावर हिरवी, हातभर वांगी भाजायची आणि केळीच्या पानावर भरीत-पुरी वाढायची. आबांनी भाऊबंदांना सांगितलं, शेजारच्या गावांत निरोप धाडले, मुक्ताईनगरहून अक्काला, त्यांच्या थोरल्या बहिणीला, बोलावून घेतलं. जळगावच्या पेपरला बातम्या देणारे एक ओळखीचे गृहस्थ होते, त्यांनाही आमंत्रण गेलं. मला नुसतं 'घरी ये' म्हटलं होतं; हे सगळं कळलं ते मी स्टेशनवर उतरल्यावर. मी वाटेतच चिडले. आबा मोटारसायकल चालवता चालवता नुसते हसत होते. त्यांना इतकं खुशीत मी कधी बघितलं नव्हतं, म्हणून मग मी भांडण आवरतं घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बागेत धूर उठला होता. बाया वांग्यांची सालं काढत होत्या, कुणी मिरच्या-लसूण ठेचत होतं. आबा पाहुण्यांना सांगत होते, "बिलकुल पयली गॅलेक्सी. तिच्या मांघे काहीच नही." मी तिकडे दुरुस्ती करायला निघाले, तेवढ्यात फोन वाजला. परदेशातल्या माझ्या सहकारी बाईंचा निरोप होता. वर्णपट आला होता. माझी दीर्घिका जवळची होती. धूळच होती ती.

मी ठिबकच्या टाकीमागे जाऊन बसले. आई शोधत आली. आई धुळ्याकडची, लग्नाला इतकी वर्षं होऊनही तिनं आपली अहिराणी सोडलेली नाही, आणि आमच्याकडचे लोक तिची चेष्टा करून थकलेत.

"काय व्हयनं? तोंड काब उतरनं तुनं?"

मी सांगितलं. लांबची नाही, जवळची आहे, सगळं फुकट गेलं. आईनं जरा विचार केला.

"पन ती शे ना?"

"आहे."

"मंग रडस कसाले? आबाले सांग."

सांगायला हवं होतं, तेही लगेच. पेपरवाले गृहस्थ वही उघडून बसले होते आणि उद्या सकाळी ते छापून आलं असतं. मी आबांना बाजूला घेतलं. ते ऐकताना एका केळीचं वाळलेलं पान ओढून काढत होते. पान निघालं तरी हात तसाच राहिला.

"आज ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "लोकायले जेऊ दे. मंग पाहू."

"आबा, ते छापतील."

"छापू दे ना. कोन जाते पाह्याले वर?"

मला संताप आला. मी म्हटलं, "मी जाते बघायला! तेवढंच करते मी. तेही खोटं करू का?" आवाज चढला होता, वांगी सोलणाऱ्या बायांनी वळून बघितलं. आबांचा चेहरा पडला. इतक्या वर्षांनी त्यांच्या हाती एक उत्तर आलं होतं आणि ते मी सगळ्यांच्या देखत काढून घेत होते. मला फार वाईट वाटलं, पण मी मागे हटले नाही.

आबा निघून गेले. मला वाटलं घरी गेले. तर ते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीजवळ जाऊन उभे राहिले आणि टाळी वाजवून म्हणाले, "ऐका बरं. पोरीची गॅलेक्सी लांबची नही निघाली. जवळची निघाली. तिनं मले सांगतलं होतं, नक्की नही म्हनून. घाई मी केली. आता वांगे भाजले हायेत, त जेवून घ्या."

मग अक्कानं विचारलं, "जवळ म्हंजी कुठी व?"

मी म्हटलं, "अक्का, तिथून उजेड निघाला तेव्हा आपली पृथ्वीसुद्धा झालेली नव्हती."

"हे जवळ?" अक्का म्हणाली, आणि आधी ती, मग सगळेच हसायला लागले. आबाही हसले, पण जरा उशिरा. पेपरवाल्यांनी पेन खिशात ठेवलं आणि पुरी वाढून घेतली. नंतर लोक मला धुळीबद्दल विचारत राहिले. धुळीतून आलेला उजेड लाल कसा दिसतो, हे मी बागेतल्या धुराकडे बोट दाखवून सांगितलं, कारण मावळतीचा सूर्य त्यातून लाल दिसत होता. आबा मागे उभे राहून ऐकत होते. आयुष्यात पहिल्यांदा मी माझं काम त्यांच्यासमोर सांगत होते, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं.

सकाळी मला गाडीत बसवताना आबांनी वांग्यांनी भरलेली पिशवी माझ्याजवळ ठेवली. म्हटलं, एवढी कशाला?

"तुह्यासंगच्या लोकायले खाऊ घाल. त्यायची बी त गेली."

आमच्याकडे वादळात कुणाची बाग पडली की शेजारी त्याच्या घरी जेवण पोचवतात. आबा पुण्यातल्या माझ्या टीमला, जिला ते कधी भेटलेले नाहीत, ते पोचवत होते. गाडी हलली तेव्हा ते खिडकीशी वाकून म्हणाले, "आता निसवली म्हनून सांगू नको. घड कापला का मंग सांग."

त्यानंतर दुसरा ठिपका आला. मी शब्दही काढला नाही. आबा फोनवर वाऱ्याचं सांगायचे, पाण्याचं सांगायचे, माझ्या कामाबद्दल 'चालू हाये ना?' एवढंच विचारायचे. यंदा वैशाखात वर्णपट आला. मी तपासला, सहकाऱ्यांनी तपासला, मी पुन्हा तपासला. मग फोन लावला.

"आबा, घड कापला."

पलीकडे पंखा बंद केल्याचा खटका ऐकू आला.

"पक्का?"

"पक्का."

"वैशाखात भरताचे वांगे कुठून आनू मी आता?" ते म्हणाले आणि त्यांचा आवाज फाटला. मी रडले, हसले, आणि म्हटलं की हिवाळ्यापर्यंत थांबू, दीर्घिकेला घाई नाही.

परवा आई सांगत होती, बाजारात कुणीतरी परत विचारलं, पोरगी काय करते. आबा म्हणाले, "शिकते." आणि मग त्या माणसाला टपरीवर बसवून, लाल दिसणारं सगळंच लांबचं का नसतं, हे त्याचा चहा निवेपर्यंत समजावत बसले.