आवाज आधी तोंडानं काढून दाखवा

गॅरेजात ऑइल सांडतं ना, तसे हे किस्से. कितीही भुसा टाकून पुसा, दुसऱ्या दिवशी फरशीवर तेवढंच! बोरीत माझं गॅरेज आहे. नवरा ट्रक चालवायचा. ट्रक दारात बिघडला की मिस्त्री काय करतो ते मी उभं राहून बघायची आणि तो गेला की त्यानं बसवलेलं खोलून परत बसवायची. तेवढीच माझी शाळा. आता लोक मला कौसामावशी म्हणतात, आणि इंजिनात टिकटिक, ठकठक सुरू झाली की माझ्याकडं येतात. चांगलं इंजिन उगाच खोललं की पहिल्यासारखं बसत नाही, आणि मी उगाच पान्याला हात लावत नाही!

*

माझा एक नियम आहे. बॉनेट नंतर, आधी आवाज तोंडानं काढून दाखवायचा. मालक रोज ऐकतो, त्यामुळं आवाज कधी येतो, कधी वाढतो ते त्याच्या तोंडातून बरोबर निघतं.

एकदा कडक इस्त्रीतले एक मोठे साहेब आले. चारचौघांत तोंड उघडेनात. शेवटी हळूच म्हणाले, "टिक... टिक..."

"साहेब, इंजिनाचा आवाज काढा, उंदराचा न्हाई!"

साहेबांना आला राग. छाती भरून "टक! टक! टकटकटक!" असं सुरू केलं की समोरच्या हॉटेलातल्या लोकांनी चहाचे कप खाली ठेवले. इंजिनातले टॅपेट ढिले झाले होते, तासाभरात करून दिले. निघताना त्यांचा ड्रायव्हर कानाशी आला, "मावशी, चार वर्सं झाली नौकरीला, साहेबाचा आवाज आज ऐकला. हापिसात नुसती बेल वाजवतेत!"

*

आमचे एक गुरुजी. इंजिनाची ठकठक सुरू झाली, त्यांनी टेपचा आवाज वाढवला. ठकठक वाढली, टेप अजून वाढवला. असे सहा महिने काढले आणि एक दिवस गाडी माझ्या दारात. मी मनात म्हटलं, चला, उशिरा का होईना, कळलं!

गुरुजी म्हणाले, "मावशी, तेवढे स्पीकर बदलून द्या. लय बारीक वाजायलेत!"

*

दोन गल्ल्या पलीकडचा एकजण गाडी विकायला काढून बसला होता. घेणारा राणीसावरगावचा. तो म्हणाला, "मावशी, इंजिन ऐकून सांगा, मगच घेतो."

मी बॉनेटवर तळहात ठेवला. तापलेला तवा! दोन गल्ल्यांतून आलेली गाडी एवढी तापते होय? मी बाजेवर बसले. म्हटलं, थंड होऊ द्या, तापलेलं इंजिन खोड लपवतं. विकणाऱ्याची चुळबूळ सुरू झाली, "मावशी, मला घाई हाय."

"मग तू जा, गाडी राहू दे."

दोन तासांनी चालू केली, तर मिरचीचं कांडप लावल्यासारखा खडखडाट! घेणारा विकणाऱ्याकडं बघायला लागला. मी म्हटलं, "इंजिन दोन तासांत खरं बोललं बाबा. तुला किती येळ लागंल?"

*

आता माझी चूक. सांगते, मी काय गाडी विकायलेय लपवायला?

झरीच्या एका शेतकऱ्याची जीप. प्लग ढिला होता, टिकटिक करायचा. घट्ट केला. रस्त्यावर नेली, तर ठक! ठक! उभी केली की गप, चालली की ठक! अर्धा दिवस मी गाडीखाली. काय काय सोडलं आणि बसवलं, विचारू नका. शेवटी नंबरप्लेटच्या मागं तारेला टांगलेली घोड्याची नाल दिसली. बंपरवर आपटत होती!

"हे काय रे?"

"इंजिनाला नजर लागली म्हणले, मावशी. आवाज जावा म्हणून तर बांधली!"

*

आता रुद्राप्पांची गाडी. आप्पा आमच्या गावचे किराणा दुकानदार. बायको शारदा, तिला आठवड्यातून दोनदा परभणीला डायलिसिसला न्यावं लागतं. एकही खेप चुकवून चालत नाही. गाडीत टिकटिक सुरू झाली, महिनाभरात ठकठक झाली. परभणीच्या शोरूमच्या इंजिनियरनं सांगितलं, "इंजिन खोलावं लागेल, पंधरा दिवस गाडी ठेवा. अशीच चालवली तर रस्त्यात जाम होईल." आणि खेप दुसऱ्या दिवशी सकाळीच! आप्पा रडकुंडीला येऊन माझ्या दारात.

म्हटलं, आवाज काढा. आप्पांना काही जमेना. मागच्या सीटवरून शारदा बोलली, "त्येंला काय इचारता? ते रस्त्याकडं बघतेत, ऐकते मी. सकाळी निघताना टकटकटक, मोठ्यानं. मग बारीक बारीक व्हत वाटंवरची झरी येईस्तोवर गप. दवाखान्यातून निघालं की परत सुरू."

मी कान टवकारले. थंड असताना आवाज, तापलं की गप! इंजिन थंड होऊ देऊन चालू केलं, रबरी नळीचं एक टोक कानाला लावलं, दुसरं इंजिनावर फिरवलं. सायलेन्सरचा पाइप इंजिनाला बसतो तिथलं पॅकिंग जळालं होतं, त्या फटीतून धूर टकटक करत निघायचा. पाइप तापून फुगला की फट बुजायची. इंजिन ठणठणीत!

पण पॅकिंग बोरीत मिळेना, परभणीतच मिळणार.

"कौसाबाई, तुमी म्हणता इंजिन चांगलं हाय," आप्पा म्हणाले. "रस्त्यात बंद पडलं तर हिचं काय?"

"मी येते गाडीत. बंद पडली तर ढकलत नेते परभणीला!"

सकाळी पान्यांची पिशवी मांडीवर घेऊन पुढं बसले. ठकठक ऐकून आप्पा बैलगाडीच्या चालीनं गाडी हाकत होते. माझेही कान बॉनेटकडंच होते, खोटं कशाला सांगू? झरीच्या अलीकडं आवाज बारीक झाला. झरी आली, गप!

मागून शारदा म्हणाली, "सांगितलं नव्हतं?"

ती मशीनवर असताना मी पॅकिंग आणलं आणि गाडी थंड झाल्यावर दवाखान्याच्या भिंतीकडेलाच बसवलं. शोरूम पलीकडंच होतं. आप्पा मला घेऊन थेट तिथं! इंजिनियरनं बॉनेट उचललं, वाकून ऐकलं, गाडी बंद केली, परत चालू केली.

"इंजिन कुठं खोललं?"

"कुठंच न्हाई. पॅकिंग बदललं."

"आवाज कुणी ओळखला? मला त्या मिस्त्रीला भेटायचंय."

आप्पांनी माझ्याकडं बोट केलं. तो माझ्या लुगड्याकडं आणि काळ्या हातांकडं बघतच राहिला.

मी म्हटलं, "मी नुसते नट आवळले, बाबा. ओळखणारी दवाखान्यात हाय. चार वाजता सुटंल, तवा ये!"