छडी पडायच्या आधी

वरातीपुढे चालणारे बँडमास्तर तुम्ही पाहिलेच असतील. छाती काढून, लोकांकडे बघत, छडी फिरवत चालतात. आमचे मास्तर उलटे चालायचे. तोंड आम्हा वाजवणाऱ्यांकडे, पाठ रस्त्याकडे. शहागंजात एकदा ते उभ्या टांग्याच्या घोड्यावर जाऊन आदळले. घोडं बिथरलं, टांगेवाला शिव्या देऊ लागला, पण छडी काही थांबली नाही. वरबाप ओरडला, "अहो मास्तर, लोकांकडं बघून चाला की!"

"लोकायकडं बघून काय करू? सूर तिकडून येतेत व्हय?"

मी दिवसा कचेरीत कारकून आणि लग्नसराईत त्यांच्या बँडमध्ये क्लॅरिनेटवाला. घरी वाजवलं की शेजारी भांडायला यायचे, म्हणून मास्तरांकडे गेलो आणि कायमचा अडकलो.

मास्तर देवगाव रंगारीचे, मेंढपाळाच्या घरचे. तरुणपणी निजामाच्या फौजेच्या बँडमध्ये शिरले, नोटेशन शिकले, मोठ्या ताफ्यापुढे उभं राहायला शिकले. पोलीस ॲक्शन झाली, फौज मोडली, तिच्याबरोबर बँडही मोडला. मास्तर छडी तेवढी घेऊन शहागंजात आले, बँडचं दुकान टाकलं आणि वरातींना लागले. "तवा लोक बसून आईकायचे, कारकून," ते मला सांगत. "बसून! आता समदे नाचतेत. नाचणाऱ्याला कान नसतेत."

तालमीत त्यांचा एकच कायदा होता. "छडी पडल्याबिगर सूर नाय." एका ट्रंपेटवाल्याने घाईने फुंकलं, तर त्याला आठवडाभर झांजा दिल्या. मी त्यांना फार भ्यायचो. क्लॅरिनेटपेक्षा भिणंच मी जास्त मन लावून शिकलो, असं आता वाटतं.

दुपारी दुकान थंड असलं की मास्तर स्वतःची एक लांबलचक चीज लिहीत बसत. किती वर्षं लिहिली कोण जाणे. सुरुवातीला फौजेची चाल, मग लग्नाची धांदल, आणि शेवटाकडे सगळं एकदम थांबतं. संथ लयीतल्या सोळा मात्रा नुसती शांतता. मग एकटं क्लॅरिनेट एक धून उचलतं आणि हळूहळू सगळा बँड तिच्यात येऊन मिळतो. ती मास्तरांच्या वडिलांची धून, मेंढरं परत बोलवायची, पाव्यावरची.

"मध्ये थांबायचं कशाला, मास्तर?" मी विचारलं.

"बाप आधी गप उभा ऱ्हायचा. मेंढरं कुठं हायेत ते आईकायचा. मंग पावा."

ही चीज एकदा लोकांना बसवून, अखेरपर्यंत ऐकवायची, एवढीच त्यांची इच्छा होती. मी खटपट करून शाळेचं सभागृह मिळवलं. प्रमुख पाहुणे म्हणून एक पुढारी आणले. पाहुण्यांना घाई होती. "मला पुढं दुसरा कार्यक्रम आहे. हार कधी घालायचा?"

"बँड थांबला की घाला, साहेब," मी म्हणालो.

त्या सोळा मात्रा मी तालमीत शंभरदा मोजल्या होत्या. त्या क्षणी मला त्यांची आठवणही झाली नाही.

सभागृह भरलं. देवगावहून मास्तरांचे भाऊबंद घोंगड्या खांद्यावर टाकून आले आणि पुढच्या रांगेत बसले. कोणी नाचलं नाही, कोणी उठलं नाही. शांततेची जागा आली. छडी वर गेली. मी क्लॅरिनेट ओठांना लावून मोजू लागलो. नवव्या मात्रेला साहेब हार घेऊन उठले.

मास्तरांची पाठ लोकांकडे, त्यांना काय दिसणार? हार मागून गळ्यात पडला आणि वर केलेला हात त्यात अडकला. टाळ्या कडाडल्या, लोक उठायला लागले. कोणीतरी माईकवर आभार मानायला लागलं. मास्तर हार सोडवत नव्हते, मागेही बघत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते. मी एक फुंकर मारली असती तर लोक पुन्हा बसले असते. मी छडी पडायची वाट बघत राहिलो. लोक चहाकडे निघाले. त्या वाट बघण्याची लाज अजून गेलेली नाही.

"पुन्हा ठेवू, मास्तर," मी नंतर म्हणालो.

"लोक एकदाच बसत असतेत," ते म्हणाले. मला रागे भरले नाहीत. भरायला हवे होते.

पुढच्या लग्नसराईत मास्तर सरळ चालायला लागले. छाती काढून, लोकांकडे बघत. लोक खूश होते. आम्ही त्यांच्या पाठीकडे बघून वाजवायचो.

अखेरीला ते पडेगावला लेकीकडे अंथरुणाला खिळून होते. मी क्लॅरिनेट घेऊन गेलो. "मास्तर, तुमच्या वडिलांची धून वाजवू?"

त्यांनी गोधडीवरून एक बोट वर उचललं. मी क्लॅरिनेट ओठांना लावलं आणि थांबलो. बोट वरच राहिलं. बराच वेळ. मग ते हसले.

"कारकून, आजबी वाटच बघत बसला व्हय?"

मी घाईघाईने फुंकलं. नुसती हवा निघाली. त्यांनी बोट हळूच गोधडीवर ठेवलं. त्याच आठवड्यात मास्तर गेले.