उजवा बूट

फोंडाघाटात आमच्या गाडीला अपघात झाला. माझी पत्नी सुमन गेली आणि माझा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

त्याला वर्ष होत आलं. पुण्याची लेक म्हणत होती, "बाबा, एकटे कसे राहाल? इकडेच या." कृत्रिम पायावर चालता आलं तर कणकवलीतच राहीन, एवढं मी तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं.

त्याच घाटातून एस.टी.ने कोल्हापूरला निघालो. घाट संपेपर्यंत पुस्तक उघडं होतं, पान मात्र उलटलं नाही. वर आल्यावर दोन्ही बाजूंना ऊस लागला. स्टँडजवळ मिसळ खाल्ली. कट (वरचा झणझणीत रस्सा) डोळ्यांतून पाणी काढतो. इथं त्याचं कुणाला काही वाटत नाही.

सरकारी दवाखान्यात मागच्या खेपेला माप दिलं होतं. आज पाय बसवायचा होता. तिथल्या तंत्रज्ञ बाईंनी विचारलं, "पावणं (पाहुणे), उजवा बूट कुठं हाय?"

"घरी ठेवला."

"का वं?"

"पाय नाही म्हणून."

"मग हितं काय लावायला आलाय?"

सगळी खोली हसली, मीही हसलो. पण बुटाच्या टाचेची उंची धरूनच पाय जुळवतात. बूट नसेल तर पुन्हा यावं लागेल, असं बाई म्हणाल्या.

शेजारी शिरोळचे आप्पा आपल्या डाव्या पायाची वाट पाहत बसले होते. त्यांनी पायातला उजवा कॅनव्हासचा बूट काढून पुढे केला. "घाला. कालपतूर एका जोडात दोघांचं भागलं असतं की. आता खर्च वाढला."

माझ्या डाव्या बुटाशी टाच जुळली. नवा पाय चढवून आधाराच्या दोन दांड्यांमध्ये उभा राहिलो, पण मान वर होईना.

"खाली काय बघताय? पाय पळून जात न्हाय," आप्पा ओरडले.

दुपारपर्यंत दांड्या सोडून भिंतीपर्यंत गेलो आणि परत आलो. आप्पांनी बूट परत घेताना आत हात घालून पाहिला. "घाम न्हाय. झ्याक."

शाहूपुरीत नवा जोड घेतला. नव्या पायात मोजा होता. दुकानदारानं बुटाचं टोक दाबलं. "अंगठा लागतोय काय?"

"अजिबात नाही," मी म्हणालो.

परतीच्या गाडीत ते आठवून हसू आलं, आणि सुमनला सांगायला मान वळवली. बाजूला अनोळखी गृहस्थ होते. मग त्यांनाच सांगितलं. तेही घाटभर हसत होते.

चालता येतंय, असं लेकीला कळवलं. सुमन नाही. घर आहे, आणि मी त्यात राहतो.