तेलकट हातांचे भजन

आमच्या लालबागच्या चाळीत या घटनेच्या तीन आवृत्त्या प्रचलित आहेत आणि तिन्ही चूक आहेत. चाळीचे सचिव तावडे सांगतात की, मी लॅपटॉप टॅक्सीत विसरलो. दुसऱ्या मजल्यावर सांगतात की, तो चोरीला गेला खरा, पण सातव्या दिवशी गणपतीच्या मखरामागे आपोआप सापडला. तिसरी आवृत्ती अशी की, लॅपटॉपसाठी मी लहान मुलासारखा रडलो. मी बत्तीस वर्षे शाळेत मराठी शिकवले आहे. विसरणे माझ्या स्वभावात नाही, आणि देवाच्या नावावर खपवलेली खोटी गोष्ट मला सहन होत नाही. घडले ते या तिन्हींपेक्षा मोठे आहे, म्हणून लिहितो.

माझे वडील कापडगिरणीत साचेवाले, म्हणजे मागावरचे कामगार होते आणि चाळीतल्या भजनी मंडळाचे बुवा. त्यांनी स्वतः रचलेली एकशे आठ भजने सहा वह्यांत उतरवली होती. त्यांचे पुस्तक काढावे, या एकाच इच्छेने मी दोन वर्षे खपून ती सारी लेकीने दिलेल्या लॅपटॉपवर टंकित केली. वडील चौथीपर्यंतच शिकलेले. त्यामुळे जाता जाता मी भाषाही सुधारत गेलो. ‘तेलकट हात माझे, कशी जोडू ओंजळ’ ही त्यांची ओळ मला गावंढळ वाटली. तेथे मी ‘मलिन कर हे माझे’ असे केले. काम संपले तेव्हा वह्यांना वाळवी लागली होती. देवाचे नाव असलेला कागद रद्दीत घालण्याची आमच्यात रीत नाही. तो पाण्यात सोडतात. अनंत चतुर्दशीला चाळीच्या गणपतीबरोबर मी त्या वह्या गिरगावच्या समुद्रात विसर्जित केल्या. निघताना पत्नी म्हणाली होती, “ऱ्हवांदेत ओ. वह्यो काय तुमच्याकडे जेवूक मागतत?” मी तिला सुनावले की, आता सर्व यंत्रात आहे.

पुढच्या श्रावणात मी छापखान्यात जायला निघालो. वाटेत गिरगावातल्या एका देवीच्या देवळाशी थांबलो. चपला राखणाऱ्या बाईकडे ठेवल्या, बिल्ला घेतला, लॅपटॉपची पिशवी पायरीवर माझ्या उजव्या हाताशी ठेवली आणि नमस्कारासाठी डोळे मिटले. उघडले तेव्हा पिशवी नव्हती. भजनांची दुसरी प्रत पेनड्राइव्हवर होती आणि पेनड्राइव्ह त्याच पिशवीच्या कप्प्यात. तिसरी प्रत मी कोणालाच दिली नव्हती. दुसरे एखादे मंडळ आमची भजने आपली म्हणून गाईल, अशी मला धास्ती होती.

पोलीस ठाण्यातला हवालदार सभ्य होता. “आजोबा, चपलांचा बिल्ला घेतलात आणि लॅपटॉप पायरीवर ठेवलात?” एवढेच त्याने विचारले. तक्रारीत एकशे आठ भजनांची नोंद व्हावी, असा मी आग्रह धरला. तो म्हणाला, “भजनं चोरीला गेली असं लिहिता येत नाही हो. वस्तू सांगा.” त्यानंतरचा महिना वाईट गेला. मी ठाण्यात खेटे घातले, जुन्या लॅपटॉपच्या दुकानांतून विचारत फिरलो, आठवून लिहायला बसलो. वडिलांबरोबर गाणारे मंडळातले कोणी आता हयात नव्हते. पण कागदावर माझ्या दुरुस्त्या तेवढ्या उतरत, वडील उतरत नसत. देवपूजा मी सोडली नाही, परंतु तिच्यात जीव राहिला नव्हता. जी देवी आपल्याच पायरीवर आपलीच भजने राखू शकत नाही, तिला हात कशासाठी जोडायचे, असा प्रश्न मनात घर करून बसला होता.

गणेशचतुर्थी आली. मूर्तीची प्रतिष्ठापना झाल्यावर चाळीतर्फे देवाला गाऱ्हाणे घालण्याचा मान वडिलांनंतर माझा. नारळ हाती घेऊन मी एकेक मागणे बोलतो आणि सारी चाळ ‘व्हय म्हाराजा’ म्हणून त्याला दुजोरा देते. त्या वर्षी मुलांच्या नोकऱ्या, मुलींची लग्ने, सर्व मागून झाले आणि माझी जीभ माझ्या ताब्यात राहिली नाही. मी म्हणालो, “बा देवा म्हाराजा, बापाच्यो वह्यो मी माझ्या हातान समुद्रात सोडलंय, कोणाचा आयकलंय नाय. ही चूक माझीच, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

इतका दणदणीत होकार त्या चाळीने मला आजवर दिला नव्हता. सर्वांत वरचा स्वर माझ्या पत्नीचा होता. पाठोपाठ हशा असा उसळला की, नारळ माझ्या हातात हलू लागला. कारण मीही हसत होतो.

हसू ओसरते न ओसरते तोच दारातून एक जाडाभरडा आवाज उठला: “तेलकट हात माझे, कशी जोडू ओंजळ...” ती हौसाबाई होती, आमची कोळीण. चतुर्थीला चाळीत मासळी कोण घेणार? म्हणून ती जास्वंदीची फुले घेऊन दर्शनाला आली होती. सासूबरोबर पाटी घेऊन प्रथम या चाळीत आली तेव्हा ती नवी नवरी होती. रविवारी जिन्यात बसून गिऱ्हाइकाची वाट पाहता पाहता तिने वडिलांची भजने ऐकलेली. दुसरी ओळ माझ्या पत्नीने उचलली, तिसरी शेजारच्या सुलभावहिनींनी. गॅलरीत तांदूळ निवडता निवडता या बायकांनी सारे साठवले होते. मंडळात त्यांना जागा नव्हती. ती देऊ नये, असे मीच सभेत दोनदा ठासून मांडले होते.

सवयीने दुरुस्ती सांगायला मी तोंड उघडले. हौसाबाईने गाणे थांबवून मला दटावले, “मास्तर, गप ऱ्हावा! बुवांनी असंच म्हटलंय.” तेव्हा मला वडिलांचे हात दिसले. गिरणीतली पाळी संपवून ते घरी येत, साबणाने घासघासून धूत, तरी नखांतले यंत्राचे तेल जात नसे. तेच हात ते देवापुढे जोडत. मी रडलो, हे खरे. लॅपटॉपसाठी नव्हे.

सात दिवस रोज सकाळच्या आरतीनंतर त्या गात राहिल्या आणि मी नव्या वहीत लिहीत राहिलो, एक अक्षरही न बदलता. ब्याऐंशी भजने परत आली. तावडे सगळी आली म्हणून सांगतात. माझी मोजणी पक्की आहे. लॅपटॉप मिळाला नाही, आणि आता मी ठाण्यात विचारायलाही जात नाही. देवीने पायरीवर काय राखले नाही, याचा हिशेब मी मांडत बसलो होतो. तिने राखायचे ते राखले होते, आणि नेल्या त्या माझ्या दुरुस्त्या. पुस्तक निघाले. त्याची प्रत चाळीतल्या प्रत्येक घरात आहे आणि एक हौसाबाईच्या देव्हाऱ्यात. मंडळात बायका पुढे बसतात. मी मागे बसून झांज धरतो. माझा ताल चुकतो, असे त्यांचे म्हणणे आहे. ते मला मान्य नाही. पण झांज वाजवण्यापूर्वी मी हात जोडतो, आणि ते स्वच्छ आहेत की नाहीत, हे आता पाहत नाही.